ओढाताण

काल रात्रीपासून आईचे एक वाक्य मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. व्हिडिओ कॉलवर तिला माझ्या नखांतला काळेपणा दिसला, मागे गराजच्या फरशीवर पुठ्ठे अंथरून ओळीने मांडलेले ट्रकच्या गिअरबॉक्सचे सुटे भाग दिसले, आणि तिने आवाज खाली आणून विचारले, "तिकडे मेकॅनिक मिळत नाहीत का रे? की पैशाची काही ओढाताण आहे?" मी हसून म्हणालो, "हौस म्हणून करतोय गं." शमाने तेवढ्यात माझ्याकडे पाहिले आणि ती आत निघून गेली. ते प्रकरण वेगळे आहे.

प्रश्न मला लागला. का लागला, हे मात्र धड सांगता येत नाही, कारण पैशाचा संबंध अजिबात नव्हता असे मी शपथेवर म्हणू शकणार नाही. दोन लाख मैल धावलेला, उन्हाळाभर ट्रेलर ओढणारा २००४ सालचा ट्रक. त्याचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करायला दुकानात जी रक्कम सांगितली, तेवढ्यात तसाच दुसरा ट्रक आला असता. रिव्हर्स गेला होता, दुसरा आणि चौथा गिअरही गेला होता, पहिला आणि तिसरा तेवढे शाबूत होते. ४एल६०ई जातीच्या या गिअरबॉक्सच्या पेटीत हे लक्षण इतके स्पष्ट असते की खोलण्याआधीच रोग कळतो. या तिन्ही गिअरांना सन शेल नावाचा एकच भाग लागतो. तळाला भोक पाडलेल्या पातेल्यासारखा हा पत्र्याचा भाग मागच्या सन गिअरला, म्हणजे मधोमध बसणाऱ्या दातेरी चक्राला, धरून असतो. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये बँड, म्हणजे आवळणारा पट्टा, त्याला पुढच्या ड्रममार्फत जागच्या जागी रोखतो आणि रिव्हर्समध्ये तोच फिरवला जातो. माझ्या पेटीतल्या शेलचा गळा झिजून तुटला होता. त्या वयाला आणि त्या ओझ्याला ते साहजिकच म्हणायचे. भाग स्वस्त आहे, पण तो बसतो पेटीच्या पार पोटात, त्यामुळे तिथपर्यंत पोचायचे तर पंप, ड्रम, प्लेटा सगळे बाहेर काढावे लागते, आणि एकदा सगळे बाहेर आले की सील आणि क्लच प्लेटा न बदलता परत बसवणे म्हणजे शुद्ध अविचार.

तर मग हौस हे उत्तर खोटे होते का? तसेही वाटत नाही. परवा नव्या प्लेटा तेलात भिजवून, ड्रममध्ये रचून, मी तेलाच्या छिद्रातून हवेचा दाब दिला, तेव्हा आतला पिस्टन 'थप्' करून सरकला आणि सगळा गठ्ठा एकदम आवळला गेला. दाब काढला की सैल, दिला की घट्ट. कारण नसताना मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिले. मिशिगनच्या या थंडीत, बोटे बधिर झालेली असताना, इनपुट शाफ्टच्या टेफ्लॉन रिंगा गरम पाण्यात घालून ताणायच्या, खाचेत बसवायच्या आणि मग पुन्हा आवळून मापात आणायच्या, हे मी एकट्याने केले, आणि त्याबद्दल घरातून काय आले तर दया. कौतुक नको, पण दया? हे वाक्य काल रात्री मी मनात इतके घोळवले की शेवटी मलाच त्याचा कंटाळा आला.

आज सकाळी नानांनी, म्हणजे वडिलांनी, आपणहून फोन केला, ही घटनाच म्हणायची. पैशाचे त्यांनी नावही काढले नाही. "तेल सोडलेस तेव्हा चेंबरमध्ये काय सापडले? जळका वास होता का?" मी सांगितले की वास नव्हता, चेंबरच्या तळातल्या चुंबकावर राखाडी चिखल होता आणि त्यात लोखंडाची थोडी कणी होती. "मग प्लेटा जळलेल्या नसणार, काहीतरी धातूच तुटलेले असणार," ते म्हणाले. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये उभी हयात गेली तरी असला गिअरबॉक्स त्यांनी कधी खोललेला नाही. हात न लावता गिअर बदलतो कसा, हे त्यांनी मग खोदून खोदून विचारले. पंप दाब तयार करतो, संगणक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, उघडतो-मिटतो, व्हॉल्व्ह बॉडीतल्या बोळांतून तेल ज्या क्लचकडे जाईल तो आवळतो, आणि चक्रांपैकी कोणते रोखले आणि कोणते फिरवले यावर पहिल्याचे ३.०६ किंवा चौथ्याचे ०.७० हे गुणोत्तर ठरते, असे मी सांगत गेलो. असला गिअरबॉक्स ऑल्ड्समोबिलच्या १९४० च्या मोटारींत आला होता, हे ऐकल्यावर ते मनापासून हसले. "म्हणजे पुणे-नगर पहिली एसटी धावली अठ्ठेचाळीस साली, त्याच्याही आधीची भानगड!"

नाना जेवायला बसण्याआधी रॉकेलने आणि मग साबणाने नखे घासत असत, आणि आई पाणी ओतत असे. तिने माझ्या नखांत काल काय पाहिले, ते मला आता थोडेफार कळते. त्यावर अधिक लिहायला नको.

फोन ठेवण्याआधी आईने मागून विचारलेच, आणि या वेळी मी खरे सांगितले, की ओढाताण नव्हती, पण स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर, रिंगांची हत्यारे, गिअरबॉक्सचा जॅक आणि डायल गेज घेतल्यामुळे ती आता होऊ घातली आहे. "मग मेकॅनिककडेच द्यायची होती," ती म्हणाली, "त्याच्याकडे हत्यारे असतात." यावर उत्तर नाही.

आता व्हॉल्व्ह बॉडी राहिली आहे. तिच्यातल्या छोट्या धातूच्या गोळ्या व्हॅसलीनने चिकटवून ठेवाव्या लागतात, कारण ते तेलात विरघळून जाते. मग टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग. तो फिरवत फिरवत तीन टप्प्यांत आत बसावा लागतो, आणि शेवटचा टप्पा न बसता बोल्ट आवळले तर पंपाचाच चुरा होतो, हे नानांना सांगितल्यावर त्यांनी बजावले की बोल्ट त्यांच्या देखत आवळायचे. रविवारी माझ्या सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, ते फोन लावून बसणार आहेत, आणि हात नीट दिसतील असा कोणीतरी कॅमेरा धरावा असा त्यांचा आग्रह आहे. शमाला अजून विचारलेले नाही.