पहिला फर्मा

पुस्तकाचा पहिला फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी सुरुवातीची पानं, बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी छपाईला जातो. शीर्षकपान, श्रेयपान, मनोगत, अनुक्रमणिका त्यात असतात आणि बाकीचं पुस्तक पक्कं झाल्याशिवाय अनुक्रमणिकेतले पृष्ठांक भरता येत नाहीत. त्या दुपारी आमच्या पुण्याच्या कचेरीत हाच फर्मा माझ्या टेबलावर आला. पुस्तक होतं कोयना प्रकल्पावर नोकरी केलेल्या एका अभियंत्याच्या आठवणींचं.

मूळ हस्तलिखित जन्मापासून निवृत्तीपर्यंत ओळीनं चालत होतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप बदल्या-बढत्यांच्या गर्दीत कुठेतरी दबून गेला होता. तो मी उचलून पहिल्या प्रकरणात आणला. लेखकांना पुन्हा पुन्हा फोन करून कोयनानगरची ती पहाट त्यांच्याकडून वदवून घेतली. अख्खा पावसाळा त्यात गेला.

श्रेयपानावर 'संपादन'पुढे सरांचं नाव होतं आणि 'मुद्रितशोधन'पुढे माझं.

सर आमचे ज्येष्ठ संपादक. लेखकाचा आवाज न बदलता वाक्य सरळ कसं करायचं, साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांचा आग्रह कुठे धरायचा आणि बोलीतल्या संवादात तो कुठे सोडायचा, हे मी त्यांच्याच शेजारी बसून शिकले. कुठलं हस्तलिखित मला मिळणार, पगार वाढणार की नाही, हेही तेच ठरवत. त्यामुळे त्यांच्यापुढे बोलताना घसा कोरडा पडायचा. त्या दिवशीही पडला.

"सर, प्रुफं मी नाही वाचली. ताईंनी वाचलीत."

ताई घरी बसून पानामागे ठरलेल्या दरानं प्रुफं वाचतात. माझ्या नावाला जागा करताना त्यांचं नाव पानावरूनच उडालं होतं. माझ्या श्रेयाबद्दल मी कदाचित गप्प बसले असते. हे मात्र बघवेना.

"संपादकानं दिसायचं नसतं," सर म्हणाले. "मला माझ्या गुरूंनी वर्षानुवर्षं कुठे छापलं होतं?"

"मग 'संपादन' ही ओळच काढू या."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग लाल पेन घेऊन माझ्या नावावर काट मारली आणि समासात ताईंचं नाव लिहिलं, त्यांच्या नेहमीच्या सुबक अक्षरात. 'संपादन'ची ओळ तशीच राहिली. फर्मा छापखान्यात गेला.

दुसऱ्या दिवशी मी खुणांनी भरलेली माझी मुद्रणप्रत घेऊन प्रकाशकांकडे गेले. त्यांनी ती शांतपणे चाळली. पुढच्या आवृत्तीत सहसंपादक म्हणून नाव घालू, म्हणाले. तसं मी लेखी मागितलं आणि त्यांनी दिलं. सरांनाही त्याची प्रत मी स्वतः नेऊन दिली. त्यांनी ती वाचून खणात ठेवली आणि एका नव्या कादंबरीचं हस्तलिखित माझ्यापुढे सरकवलं.

"पहिली तीन प्रकरणं सोमवारपर्यंत," म्हणाले.

मी विचारलं, "श्रेयपान आधीच ठरवायचं का, सर?"