सीसीएनए करू का, मॅडम?

जून-जुलैत बीसीए, डिप्लोमा, इंजिनिअरिंगचे निकाल लागले की हा प्रश्न माझ्या क्लासच्या दारात येतो. सीसीएनए म्हणजे सिस्को या नेटवर्किंगची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीची सर्टिफिकेट परीक्षा. कधी मुलगा एकटा येतो, कधी वडिलांना घेऊन. पूर्वी मी लगेच "कर" म्हणायचे. आता तेवढ्यावर भागत नाही, तासभर बसून बोलावं लागतं. या प्रश्नामागे घरातले तीसेक हजार रुपये आणि एका पोराचं किंवा पोरीचं अख्खं वर्ष असतं, म्हणून ते सगळं बोलणं इथे लिहून काढतेय.

मी जुळे सोलापूरला संध्याकाळी नेटवर्किंग आणि लिनक्स (सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) शिकवते. त्याआधी पुण्यात एका डेटा सेंटरच्या नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षात होते, रात्रपाळ्या, अलार्म, तिकिटं, सगळं केलं. माझ्याकडची बरीच मुलं शहराच्या पूर्व भागातली आहेत. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि परीक्षा इंग्रजीत. कुणाचे वडील यंत्रमागावर असतात, कुणाची आई विड्या वळते. आमच्या गावात आयटीच्या नोकऱ्या नावापुरत्या, त्यामुळे कोर्स संपला की पुण्याची गाडी ठरलेली.

या मुलांच्या आईवडिलांना सर्टिफिकेट म्हटलं की एमएस-सीआयटी आठवते. २००१ साली सुरू झालेला तो कोर्स तालुक्यातालुक्यात पोचला, सरकारी भरतीच्या जाहिरातींत त्याची अट आली, आणि एकदा पास झालं की कागद कायमचा फाइलमध्ये. सीसीएनएची मुदत तीन वर्षांनी संपते हे सांगितल्यावर एका काकांनी मला विचारलं, "म्हणजे तीन वर्षांत पोरगं शिकलेलं विसरणार हाय का?" प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, काका, पोरगं विसरणार नाही, पण खालची जमीन हलते. फेब्रुवारी २०२० पर्यंत सीसीएनएच्या राउटिंग-स्विचिंग, सिक्युरिटी, वायरलेस अशा वेगवेगळ्या परीक्षा होत्या. सिस्कोने त्या बंद करून एकच २००-३०१ क्रमांकाची परीक्षा ठेवली. ऑगस्ट २०२४ पासून त्याच अभ्यासक्रमात जनरेटिव्ह एआय, मशीन लर्निंग आणि टेराफॉर्म (कोड लिहून सर्व्हर-नेटवर्क उभारायचं साधन) आलं. ज्या एमसीएसई परीक्षेवर (विंडोज सर्व्हरचं सर्टिफिकेट) माझ्या आधीच्या पिढीने नोकऱ्या मिळवल्या, ती तर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ अखेर बंदच करून टाकली.

मग या कागदाला किंमत होती ती कशाची? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली पुण्यातल्या भरती करणाऱ्यांच्या टेबलावरची. आमच्या कॉलेजचं नाव तिथे कुणी ऐकलेलं नसतं. शंभर रेझ्युमेंच्या गठ्ठ्यात सीसीएनए हा शब्द असला की आमच्या मुलाचं पान निदान वाचलं जायचं. ओळखीच्या माणसाने लिहून दिलेल्या चिठ्ठीसारखं ते काम करायचं, आणि आमच्या मुलांकडे दुसरी कुठलीच चिठ्ठी नसते. दुसरी गोष्ट मुलांना सहसा कुणी सांगत नाही. ज्या कंपन्या सिस्को किंवा ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेच्या पार्टनर असतात, त्यांना आपल्याकडे इतकी प्रमाणित माणसं आहेत असं दाखवावं लागतं. सरकारी निविदांतही सीसीएनए, सीसीएनपी (त्यापुढची पातळी) झालेल्या इंजिनिअरांची अट असते. म्हणजे तुमचा कागद तुमच्याइतकाच कंपनीलाही लागतो. ही दुसरी किंमत आजही फारशी उतरलेली नाही. सिस्टीम इंटिग्रेटरकडे, म्हणजे इतरांसाठी नेटवर्क-सर्व्हर उभारून देणाऱ्या कंपनीत नोकरी शोधणाऱ्याने ती जरूर लक्षात ठेवावी.

उतरली ती पहिली किंमत. तिला खाल्लं डम्प्सनी. प्रश्नोत्तरांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात, मुलं त्या पाठ करतात आणि पास होतात. कीड जुनीच आहे; नव्वदच्या दशकात अमेरिकेतही नुसत्या कागदावरचे एमसीएसई म्हणून लोक नाकं मुरडायचे. मला राग येतो तो या पीडीएफ पोरांकडून पैसे घेऊन विकणाऱ्यांचा, कारण त्यातली उत्तरं जुनी तरी असतात किंवा सरळ चुकीची. एक उदाहरण देते. एडब्ल्यूएसच्या एसथ्री या फाइल साठवायच्या सेवेत एखादी फाइल बदलल्यावर काही काळ जुनीच फाइल वाचली जाऊ शकते, असं पूर्वी होतं. डिसेंबर २०२० मध्ये ते बदललं, आता लिहिलेलं लगेच वाचता येतं. माझ्या एका विद्यार्थिनीकडच्या पीडीएफमध्ये अजून जुनंच उत्तर होतं, त्याखाली हिरवी खूण. तिने ते इतक्या वेळा वाचलं होतं की खरं उत्तर एडब्ल्यूएसच्या अधिकृत कागदपत्रांत समोर दाखवूनही तिला पटायला वेळ लागला.

एआय आल्यावर हे आणखी सोपं झालं. पर्यायांचा प्रश्न चिकटवला की उत्तर मिळतं, वर स्पष्टीकरणही. साहजिकच मुलाखत घेणाऱ्यांनाही हे माहीत आहे. पुण्यात, बंगळुरूत असलेले माझे जुने विद्यार्थी सांगतात की आता सर्टिफिकेटबद्दल कुणी फार विचारत नाही. स्क्रीन शेअर करायला लावतात, एक मशीन देतात आणि म्हणतात, यावरची साइट उघडत नाहीये, बघ. ऑनलाइन मुलाखतीत कोण कुठून वाचून बोलतंय याचा भरवसा न राहिल्याने काही ठिकाणी शेवटची फेरी पुन्हा ऑफिसात बोलावून घेतात. सोलापूरहून जाणाऱ्या मुलाला त्यासाठी एक दिवस आणि प्रवासाचा खर्च पडतो, तरी मला हे बरं वाटतं. समोर बसवलं की आमची मुलं उठून दिसतात.

म्हणून हल्ली मी आधी आरएचसीएसएकडे बोट दाखवते. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या या परीक्षेत एकही पर्यायी प्रश्न नाही. चालू मशीन समोर असतं आणि कामं दिलेली असतात: युजर तयार करा, डिस्क जोडा, वेब सर्व्हर अमुक पोर्टवर (मशीनच्या ठरावीक क्रमांकाच्या दारावर) चालवा. ३०० पैकी २१० मिळाले तर पास. मॅन पेज (लिनक्समधलीच मदतीची पानं) उघडायला मुभा असते, इंटरनेटला नाही. आणि केलेलं प्रत्येक काम मशीन रीबूट झाल्यावर टिकलं पाहिजे. या एका अटीसाठी मला ही परीक्षा फार आवडते. एफएसटॅब या डिस्क जोडायच्या फाइलमध्ये एक अक्षर चुकलं आणि मशीन उठलंच नाही, तर आधी केलेल्या बाकीच्या कामांवरही पाणी. नोकरीतही नेमकं असंच होतं.

क्लासमधलाच एक प्रसंग सांगते. अपाची हा वेब सर्व्हर ८२ नंबरच्या पोर्टवर चालवायचं होतं. सर्व्हिस सुरूच होईना. एका मुलाने मोबाइलवर एआयला एरर दिली, त्याने एसईलिनक्स (लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा) तात्पुरतं शिथिल करायची कमांड सांगितली. पान उघडलं, मुलगा खूश. मी म्हटलं, रीबूट कर. मशीन उठलं, एसईलिनक्स पुन्हा कडक झालं आणि सर्व्हिस पुन्हा पडली. त्यानंतर त्याच मुलाला त्याच एआयला वेगळा प्रश्न विचारायला लावला: एसईलिनक्स ८० ला हो म्हणतं आणि ८२ ला नाही, हे का? मराठीत सांग, तांत्रिक शब्द इंग्रजीच ठेव. एआयने पोर्टांनाही लेबल असतं, वेब सर्व्हरला कुठल्या लेबलचे पोर्ट चालतात, आणि सेमॅनेज या कमांडने ८२ ला ते लेबल कसं द्यायचं, हे इतकं स्वच्छ सांगितलं की मी फळ्याकडे गेलेच नाही. पहिल्यांदा मुलाने फक्त पान उघडायला मागितलं होतं, तेवढंच त्याला मिळालं. दुसऱ्यांदा त्याने कारण मागितलं.

एआयबद्दल मला जे वाटतं ते सगळं या प्रसंगात आहे. आमच्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट घडली आहे आणि मला ती मनापासून महत्त्वाची वाटते. पुण्यातल्या मुलाला अडलं तर शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी तरी सिनिअर असतो. आमच्या मुलीला रात्री अकरा वाजता सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे तुकडे पाडून पत्ते वाटणं) अडलं तर घरात विचारायला कुणी नसतं. आता ती मराठीत विचारते, काही जण तेलुगूत विचारतात, आणि तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी समोरून कुणी वैतागत नाही. एडब्ल्यूएसच्या परीक्षेतले प्रश्न पाच-सहा ओळींचे असतात. त्यात खर्च कमी हवा आहे की देखभाल कमी हवी आहे, हे एखाद्या अर्ध्या वाक्यात दडलेलं असतं. विषय येत असूनही इंग्रजीमुळे आमची मुलं तिथे मार खायची. असा प्रश्न एआयकडून मराठीत सोडवून घेणं, कुठला शब्द निर्णायक होता ते शोधणं, आणि मग तशाच धाटणीचा नवा प्रश्न इंग्रजीत मागून घेणं, असं महिनाभर केल्यावर वाचण्याचा वेग बदललेला मी पाहिला आहे.

पण उत्तर तपासायची सवय नसेल तर घात होतो. एका मुलाने विचारलं, /२८ च्या सबनेटमध्ये वापरता येतील असे पत्ते किती? उत्तर आलं १४. पाठ्यपुस्तकाप्रमाणे बरोबरच आहे, एकूण सोळा पत्त्यांतून दोन राखीव वजा. पण तो अभ्यास करत होता एडब्ल्यूएसचा. तिथे प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते राखीव असतात, म्हणजे उरतात ११. एआयला त्याने संदर्भच दिला नव्हता. त्या दिवसापासून क्लासमध्ये सांगून ठेवलंय की उत्तर मिळालं की लगेच अधिकृत कागदपत्रातलं पान काढून शेजारी ठेवायचं. गुगलच्या नोटबुकएलएममध्ये आपणच दिलेल्या कागदपत्रांवरून उत्तरं मिळतात, म्हणून परीक्षेच्या विषयांची यादी आणि अधिकृत पीडीएफ त्यात टाकून अभ्यास करायलाही मी सांगते.

सगळ्यात उपयोगी पडलेला प्रकार मात्र वेगळाच आहे. मी एआयला बिघाड करायला लावते. पॅकेट ट्रेसरवर (कॉम्प्युटरवरच नेटवर्क उभारून बघायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर) मुलांनी उभारलेल्या नेटवर्कचं कॉन्फिगरेशन त्याला द्यायचं आणि म्हणायचं, यात एक चूक घाल, कुठे घातलीस ते सांगू नकोस. बदललेलं कॉन्फिगरेशन एकाने लोड करायचं, दुसऱ्याने शोधायचं. परवा दोन राउटरांमध्ये ओएसपीएफची (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत) जोडी जमत नव्हती. पिंग होत होतं, केबल ठीक, एरिया ठीक. दोघी मुलींनी अर्धा तास काढला. शेवटी दिसलं की एकीकडे 'मी आहे' असा निरोप पाठवायचा हॅलो टायमर १० सेकंदांचा आणि दुसरीकडे १५ चा. मग त्यातल्या एकीने फळ्यापाशी उभं राहून सगळ्यांना समजावलं की टायमर जुळल्याशिवाय शेजारी का होत नाहीत. हे तिला आता मुलाखतीत कुणीही, कसंही विचारावं.

परीक्षा घेणाऱ्यांनीही थोडं वळण घेतलंय. कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर ॲप चालवायची प्रणाली) या विषयाच्या सीकेए परीक्षेत अधिकृत कागदपत्रं उघडी ठेवायला परवानगी असते, दोन तासांत हाताने कामं करून दाखवायची. तिची मुदतही एप्रिल २०२४ पासून तीनवरून दोन वर्षांवर आणली. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२३ पासून आपल्या बऱ्याच परीक्षांमध्ये मायक्रोसॉफ्ट लर्न या अधिकृत माहितीच्या साइटची पानं बघायची सोय दिली. शोधून काढता येणं हेही कौशल्य आहे, हे त्यांनी मान्य केलं. पाठांतराच्या जोरावर पास होणाऱ्यांना अशा परीक्षेत वेळच पुरत नाही.

फीबद्दल बोलायलाच हवं. सीसीएनए ३०० डॉलर, वर कर. एडब्ल्यूएसची असोसिएट पातळीची परीक्षा १५० डॉलर. सीकेए सीसीएनएपेक्षा महाग, पण नापास झालं तर एकदा फुकट परत देता येते आणि वर्षाच्या शेवटी तिच्यावर चांगली सूट मिळते. एडब्ल्यूएसची एक परीक्षा पास झाल्यावर पुढच्या परीक्षेला निम्मी सवलत असते. ही माहिती नसल्याने पूर्ण पैसे भरणारी मुलं मला भेटतात तेव्हा जीव हळहळतो. घरून परीक्षा देणार असाल तर खोलीत दुसरं माणूस आलं तरी परीक्षा बंद पाडली जाऊ शकते. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असतील तर ही अट पाळणं सोपं नाही. त्यात लाइट गेली तर आणखी घोळ. शक्य असेल तर केंद्रावर जाऊनच द्या.

तर, सीसीएनए करू का? नेटवर्किंगमध्येच जायचं असेल तर अभ्यासक्रम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कर. त्याच्याइतका नीट बांधलेला रस्ता मला अजून सापडलेला नाही, आणि सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीवर पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो. परीक्षेचे पैसे मात्र लगेच भरू नकोस. बिघाड शोधायचा सराव पक्का झाला की भर, आणि सिस्टीम इंटिग्रेटरकडे अर्ज करणार असशील तर नक्की भर. क्लाउड किंवा सर्व्हरकडे ओढा असेल तर आधी आरएचसीएसए. घरात पैशांची ओढाताण असेल तर एकच परीक्षा निवड, आणि तीही हाताने कामं करून दाखवायची असेल अशीच.

गणपतीनंतर नवी बॅच सुरू होतेय. पॅकेट ट्रेसर चांगला आहे, पण कन्सोल केबल हातात घेऊन खऱ्या राउटरचा पासवर्ड रिकव्हर करण्याची सर त्याला येत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या कंपनीत जुने १८४१, २९०१ राउटर किंवा २९६० स्विच भंगारात निघणार असतील आणि आयटी विभागाची परवानगी मिळत असेल, तर मला कळवा. पुण्याहून ते घेऊन यायची व्यवस्था मी करेन.