कंपनीचा सातबारा

डिसेंबरात बाबांचा कापूस घेऊन वणीच्या जिनिंगवर गेलो होतो. मोबाईलवर स्लॉट मीच काढून दिला होता, म्हणून मीही गाडीत बसले. ग्रेडरने तीन ठिकाणचा कापूस उपसून मशीन लावलं. ओलावा नऊच्या आसपास निघाला आणि बाबांचा जीव भांड्यात पडला. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत, हा हिशेब आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतो. 2025-26 च्या त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये होता. काटा झाला, गाडी रिकामी झाली, पावती मिळाली. बाबांनी चष्मा लावून ती वरपासून वाचायला घेतली आणि पहिल्याच ओळीवर थांबले.

"बाई, हे लिमिटेड कायले लिवलं इथी?"

"कंपनी आहे ना ती, बाबा."

"मंग मी कापूस सरकारले देल्ला का कंपनीले?"

गेली चार वर्षं मी नागपुरात राहून नेमक्या याच प्रश्नावर पीएचडी करते आहे. सरकारच्या मालकीच्या कंपन्यांचा कारभार, आणि त्यात सरकारचा हात कुठपर्यंत जावा, हा माझा विषय. गावात कोणी विचारलं की मी "कंपनी कायदा" एवढंच सांगून मोकळी होत असे. बाबांना तसं सांगून भागलं नसतं. परतीच्या वाटेवर, घुग्गुसकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांमागे गाडी हळूहळू सरकत असताना, मी त्यांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते आहे.

बाबांचा कापूस घेणारी, पावतीवर नाव असलेली सीसीआय, म्हणजे कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, 1970 साली कंपनी कायद्याखाली नोंदवली गेली. तिचे सगळे शेअर केंद्र सरकारकडे आहेत आणि ती वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. आजच्या कायद्यात, 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 2 मध्ये, सरकारी कंपनीची व्याख्या सोपी आहे: भरणा झालेल्या भांडवलापैकी किमान 51 टक्के केंद्राकडे, राज्याकडे किंवा दोघांकडे मिळून असलं की झाली सरकारी कंपनी. उरलेले 49 टक्के कोणाचेही असू शकतात. तुमचे, माझे, लंडनच्या एखाद्या फंडाचे.

पण कंपनी झाली की ती कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती होते. तिला संचालक मंडळ असतं. कलम 166 म्हणतं की संचालकाने सर्व भागधारकांच्या फायद्यासाठी सद्भावनेने वागावं, आणि कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताकडे बघावं. त्यात मंत्रालयाचं नाव कुठेही नाही. तरीही प्रत्यक्षात मंत्रालयाचा फोन आला की काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मारियाना पार्गेंडलर या ब्राझीलच्या कायदेअभ्यासक आहेत. त्यांचा 2012 चा एक दीर्घ लेख वाचल्यावर माझ्या प्रबंधाची दिशाच बदलली. तोवर मी सरकारला फक्त एक मोठा भागधारक समजत होते. त्या दाखवतात की हा भागधारक कायदाही स्वतःच लिहितो, आणि आपल्या सोयीसाठी लिहिलेला कायदा मग सगळ्याच कंपन्यांना लागू होतो. ब्राझीलमध्ये 1997 साली खाजगीकरणाचा जोर होता. कंपनीचा ताबा विकला गेला की नव्या मालकाने लहान भागधारकांचेही शेअर त्याच भावाने घ्यावेत, असं तिथल्या कायद्यात होतं. सरकारने ते कलमच काढून टाकलं, कारण लहानांना द्यायचे पैसे वाचले की खरेदीदार सरकारच्या हिश्शाला जास्त भाव देणार. 2001 मध्ये त्यातलं काही परत आलं. मधल्या चार वर्षांत ज्यांनी सोसलं त्यांत असेही लोक होते ज्यांच्या कंपनीचा सरकारशी काही संबंध नव्हता.

आपल्याकडे हे अधिक शांतपणे झालं. 5 जून 2015 ची एक अधिसूचना आहे. इतर कंपन्यांत स्वतंत्र संचालक, म्हणजे मंडळावरचा हितसंबंध नसलेला माणूस, कोण, तर जो "मंडळाच्या मते" सचोटीचा आणि जाणकार आहे तो. या अधिसूचनेने सरकारी कंपन्यांपुरता "मंडळ" हा शब्द काढून तिथे संबंधित मंत्रालय किंवा विभाग बसवला. ज्याच्यापासून स्वतंत्र राहायचं त्याच्याच मते तो माणूस योग्य असायला हवा. शेअर बाजारात नोंदलेल्या कितीतरी सरकारी कंपन्यांना पुरेसे स्वतंत्र संचालक नाहीत म्हणून दंड होतो, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: नेमणूक आमच्या हातात नाही, मंत्रालयाच्या हातात आहे. उत्तर खरंही आहे. मला त्या अधिसूचनेचा राग येतो, आणि प्रबंधात तो लपवायचा माझा विचार नाही.

बाबांना मात्र अधिसूचनेत रस नव्हता. त्यांना समोरचा ट्रक दिसत होता. मग मी कोल इंडियाची गोष्ट काढली, कारण आमच्या वर्धा खोऱ्यातल्या खाणी चालवणारी नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स तिचीच उपकंपनी.

2010 च्या ऑक्टोबरात सरकारने कोल इंडियाचे 10 टक्के शेअर 245 रुपये भावाने लोकांना विकले आणि 15 हजार कोटींहून जास्त रक्कम उभी केली. तोवरची देशातली सर्वांत मोठी विक्री. शेअर घेणाऱ्यांत लंडनचा चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंडही होता, एक टक्क्याच्या थोडा वर हिस्सा. जानेवारी 2012 मध्ये कंपनीने दराची नवी पद्धत आणली, वीज कंपन्यांनी ओरड केली आणि महिना सरायच्या आत दर खाली आले. पुढे वीज प्रकल्पांशी पुरवठ्याचे करार करायचे होते. ठरलेल्या कोळशापैकी 80 टक्क्यांची हमी द्यायला स्वतंत्र संचालक राजी नव्हते. एप्रिलमध्ये राष्ट्रपतींच्या नावाने निर्देश निघाला: करार करा. कंपनीच्या नियमावलीतच तशी तरतूद आहे. फंडाने संचालकांना कोर्टात खेचलं. म्हणणं असं की तुम्ही मंत्रालयाचं ऐकून कोळसा बाजारभावापेक्षा खूप स्वस्त विकता आणि आम्हा भागधारकांचं नुकसान करता. पुढे तो फंड शेअर विकून निघून गेला.

मी हे वर्गात शिकवलं असतं तर फंडाची बाजू मांडली असती. बाबा म्हणाले, "कोयसा सस्ता तं लाइन सस्ती. माह्या मोटारीचं बिल वाढवून लंडनवाल्याले पैसे द्याचे का? सरकारचं काय चुकलं?"

ट्रक पुढे गेला तरी मी गप्पच होते. बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. कोळसा जमिनीखालचा आहे, आणि ती जमीन कोणाची होती हेही आम्हाला ठाऊक आहे. मोठ्या काकांचं चार एकर वावर खाणीत गेलं. 1957 च्या कोळसा क्षेत्र कायद्याने जमीन आधी केंद्र सरकारकडे जाते आणि मग कलम 11 खाली सरकारी कंपनीच्या नावे करता येते. म्हणजे राजा म्हणून जमीन घेणारं, मालक म्हणून लाभांश उचलणारं आणि मंत्रालय म्हणून दर सांगणारं सरकार एकच. अशा कंपनीने निव्वळ नफ्यासाठी चालावं, असं मलाही वाटत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते बाबांना पटवताना मला स्वतःलाच नीट उमगलं. सरकारने कंपनीला स्वस्त विकायला सांगावं, तोट्यात खरेदी करायला सांगावं. पण ते लेखी सांगावं, आणि त्याचा भार कोणावर पडणार तेही लिहावं. सीसीआयच्या बाबतीत हे बऱ्यापैकी होतं. हमीभावाने घेतलेला कापूस बाजार पडला की तोट्यात विकावा लागतो, आणि तो तोटा सरकार भरून देतं. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने 2014-15 ते 2020-21 या हंगामांसाठी 17,408.85 कोटी रुपये मंजूर केले. आकडा जाहीर आहे, कोणीही त्यावर भांडू शकतो. कोल इंडियाचा एप्रिलचा निर्देशही निदान कागदावर होता. त्यावर कोर्टात जाता आलं. जानेवारीत दर खाली आले तेव्हा कोण कोणाशी काय बोललं, याचा असा कागद कुठे आहे? ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने 2005 पासून सरकारी कंपन्यांसाठी जी तत्त्वं सांगितली आहेत त्यांचाही गाभा हाच: लोकहिताचं काम कंपनीवर टाकायचं तर ते उघड टाका आणि त्याचा खर्च वेगळा दाखवा.

"म्हंजे इतर हक्कात चढवाचं," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी इतर हक्कांचा रकाना असतो. कूळ असेल, विहिरीत भावाचा वाटा असेल, सोसायटीचा बोजा असेल, सगळं तिथे येतं. मालकी बाबांचीच राहते, पण वावर घेणाऱ्याला आणि कर्ज देणाऱ्याला आधीच कळतं की यावर आणखी कोणाचा हात आहे. तोंडी बोजा कोणी मानत नाही.

सरकारी कंपनीला हाच रकाना नाही. वार्षिक अहवालात शेअर कोणाकडे किती हे टक्क्यांत मिळतं. वर्षभरात मंत्रालयाने काय काय सांगितलं, त्यातलं लेखी किती, त्यासाठी कंपनीने किती सोसलं आणि किती भरून मिळालं, हे एका ठिकाणी मिळत नाही. मी चार वर्षं अहवाल चाळते आहे. एक तुकडा एका टिपेत, दुसरा संसदेतल्या उत्तरात, तिसरा कोर्टाच्या कागदांत.

घरी पोचलो तेव्हा आईने भाकरी टाकायला घेतली होती. बाबांनी पावती माझ्याकडे दिली, "ठेव तुह्या अभ्यासाले," म्हणून. त्या रात्री मी पाचव्या प्रकरणाचं शीर्षक खोडलं आणि तिथे "इतर हक्क" लिहिलं. जानेवारीत मार्गदर्शक मॅडमना दाखवायचं आहे. त्या आर्वीकडच्या आहेत, त्यांच्याही घरी सातबारा असेलच.