फिल्टर कापला त्या दिवशी

गेल्या ॲन्युअलपासून (विमानाची वर्षातून एकदा होणारी तपासणी) एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. मी छोट्या विमानांचा मेकॅनिक आहे. ॲन्युअल म्हणजे लोकांना गाडीची सर्व्हिसिंग वाटते, पण अर्धा वेळ नुसते स्क्रू काढून झाकणं उघडण्यात जातो, मग आरसा आणि टॉर्च घेऊन पंखाच्या पोटात बघायचं, सीटच्या रेलची भोकं झिजलीत का तपासायची (टेकऑफला सीट मागे सरकली तर पायलट कंट्रोल धरूनच मागे जातो, माणसं गेलीयेत यात), आणि मग कागद. कागद सगळ्यात जास्त.

विमान सेसना १७२, सत्तरच्या दशकातलं. मालक रिटायर्ड, अतिशय सज्जन माणूस, कित्येक वर्षं पैसे साठवून घेतलेलं. आणि ठेवलंय असं की हँगरमधले बाकीचे लोक येऊन बघून जातात. नवा रंग, नव्या सीटा, जुने गोल मीटर काढून स्क्रीन बसवलेल्या. रंगाचं काम दिसायला उत्तम होतं पण रंगवणाऱ्यांनी एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) परत तोलल्याची नोंदच दिली नव्हती, हे मला अजिबात चालत नाही. रंगाला वजन असतं, कंट्रोल सरफेसचा तोल बिघडला तर वेगात तो फडफडायला लागतो आणि मग तुटायला फार वेळ लागत नाही. मी दोन्ही एलरॉन उतरवून तोलले, एक लिमिटच्या बाहेर निघाला, तो नीट केला. हे गेल्या वर्षीचं, आणि त्या कामाचा मला अजून अभिमान आहे.

या वर्षी आधी कॉम्प्रेशन घेतलं. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय हवा सोडायची आणि किती टिकते ते बघायचं. ७६, ७८, ७५, ७७. मालक, म्हणजे आमचे सर, शेजारीच उभे होते, चेहरा एकदम खुलला. एग्झॉस्टला कान लावला, आवाज नाही. बोरस्कोपने (आत सरकवायचा बारीक कॅमेरा) व्हॉल्व्ह बघितले, रंग सगळीकडे सारखा, एका कडेला जळल्याची खूण नाही. मग ऑइल फिल्टर कटरने कापला, कागदाची घडी उलगडून उजेडात धरली, आणि ती चमकली. धातूचे थोडे कण असतील तर ठीक, तेवढे पुष्कळदा असतात, पण हे पाव चमचा तरी होते. चुंबक फिरवला तर सगळे चिकटले. म्हणजे ॲल्युमिनियम नाही, पोलाद.

सर म्हणाले, "पण कॉम्प्रेशन तर छान आलं ना?"

तिथेच तर सगळे फसतात. कॉम्प्रेशन रिंगा आणि व्हॉल्व्हचं सांगतं, कॅमचं, म्हणजे टॅपेट ढकलून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, काहीच सांगत नाही. एक सिलिंडर काढला आणि आत बघितलं. कॅमच्या इनटेक लोबचं (इनटेक व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) टोक गोल झालेलं, टॅपेटच्या तोंडावर खड्डे. या फोर सिलिंडर लायकमिंग इंजिनात इनटेकचा एक लोब समोरासमोरचे दोन सिलिंडर चालवतो, म्हणून बऱ्याचदा तोच आधी जातो. सर तेव्हा म्हणाले की हल्ली चढताना जरा सुस्त वाटायचं, उन्हामुळे असेल म्हणून सोडून दिलं.

कारण लॉगबुकात होतं. वर्षभरात उड्डाण ११ तास. त्याच्या आधीच्या वर्षी १४. विमान झिजू नये म्हणून सर ते उडवत नव्हते, आणि इंजिन "मोकळं राहावं" म्हणून दर रविवारी जमिनीवर पंधरा मिनिटं चालवायचे. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो, विमान उभं राहिलं की तेल हळूहळू ओघळून खाली जातं आणि कॅम कोरडा पडतो. त्यात जमिनीवरच्या त्या पंधरा मिनिटांत तेल नीट तापत नाही, आतलं पाणी उडून जायला तेल ८० अंशांच्या आसपास जाऊन तिथे बराच वेळ राहायला लागतं, नाहीतर ज्वलनातून आलेली वाफ आतच थंड होते आणि कॅमवर गंज धरते. पुढच्या स्टार्टला त्याच गंजावरून टॅपेट घासतो. म्हणजे दर रविवारी ते जी काळजी घेत होते तीच नडली.

आणि मला हे माहीत होतं. गेल्या वर्षी हेच १४ तास मी वाचले होते, रविवारचं त्यांनी स्वतः कौतुकाने सांगितलं होतं, आणि मी काउलिंग (इंजिनावरचं झाकण) लावता लावता म्हणालो, "सर, उडवत जा जरा." बस्स. त्यांच्या त्या रंगाच्या आनंदात मला बसवून सांगायचं जीवावर आलं. एलरॉनसाठी दोन दिवस घालवले आणि या गोष्टीला दोन मिनिटं दिली नाहीत.

हिशोबही उलटा निघाला. हँगरचं भाडं, इन्शुरन्स, ॲन्युअल हे ११ तास उडा नाहीतर १११, तेवढंच लागतं. सर पेट्रोल वाचवत होते आणि तासाचा खर्च मात्र वाढतच होता. आता कॅम बदलायचा तर इंजिन उतरवून क्रँककेस उघडायची, म्हणजे चारही सिलिंडर निघणारच. ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करणं) तासांच्या हिशोबाने २००० तासांनी, त्यातले ९०० झालेत, पण मागच्या ओव्हरहॉलला चौदा वर्षं झाली आणि शिफारस बारा वर्षांची आहे, त्यामुळे अर्धवट काम कर असं मी तरी सांगणार नाही. आणि पैसे तर रंगात आणि स्क्रीनमध्ये गेलेले.

सरांनी गेल्या वर्षीचं पान मागितलं. माझी सही वाचली, खालची तारीख वाचली. विचारलं, "तेव्हा फिल्टरमध्ये काही होतं?" नव्हतं, आणि मी तसं सांगितलं, पण तेवढ्याने मला बरं वाटलं नाही, म्हणून त्या १४ तासांचंही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी इंजिन उतरवलं. नाकातलं वजन गेलं की विमान मागे शेपटीवर बसायला बघतं, म्हणून आधी शेपटीखाली स्टँड लावतात. मी स्टँड आणेपर्यंत सर मागे जाऊन शेपटीपाशी उभे राहिले होते. म्हणाले, "तुम्ही काढा, मी इथे थांबतो." इंजिन हॉइस्टवर बाजूला नेऊन ठेवलं, तरी ते स्टँडशेजारी तसेच उभे होते, एक हात नव्या रंगावर ठेवून.