बाबांसोबत छोट्या विमानातून माराला

मासाई मारा, ऑगस्ट

आज लिहिल्याशिवाय झोपणार नाहीये. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून सकाळी छोट्या विमानाने निघालो आणि पाऊण तासात माराला, म्हणजे केनियातल्या मासाई मारा अभयारण्यात पोचलो, एवढंच लिहायचं तर एक ओळ पुरे, पण त्या पाऊण तासात खाली जे दिसलं आणि बाबा जे बोलले ते सगळं मला आहे तसं ठेवायचंय.

मुंबईहून आपण उतरतो ते नैरोबीचं मोठं विमानतळ वेगळं. विल्सन शहरातच आहे, नैरोबी नॅशनल पार्कच्या शेजारी. फ्लॉरेन्स विल्सन नावाच्या बाईंनी १९२९ मध्ये नैरोबीत विमान कंपनी काढली होती, त्यांचं नाव १९६२ पासून या विमानतळाला आहे. लांबलांबच्या गावात डॉक्टर नेणारी आणि पेशंट आणणारी फ्लाइंग डॉक्टर्सची विमानं पण इथूनच उडतात, त्या कामाची सुरुवात १९५७ ची. बाबांना हे कळल्यावर ते काचेला टेकून एकेक विमान बघत उभेच राहिले, यातलं डॉक्टरांचं कुठलं ग, असं विचारत.

सामान माणशी १५ किलो, हातातलं धरून, आणि बॅग मऊ कापडाचीच पाहिजे कारण ती विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात दाबून बसवतात. कडक सुटकेसा आम्ही नैरोबीच्या हॉटेलात ठेवून आलो. आईने दिलेला चिवडा स्टीलच्या डब्यात, कारण केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि पार्कमध्ये तर पाण्याची एकदा वापरून टाकायची बाटलीसुद्धा चालत नाही. रस्त्याच्या कडेला, काट्याच्या झुडपाला अडकलेली एकही पिशवी दिसत नाही. इतकं बरं वाटतं ते बघून.

विमान सेसना कॅरव्हॅन. एकच पंखा पुढे, बाराएक माणसं, पंख वरच्या बाजूला त्यामुळे खिडकीतून खाली बघायला काही आड येत नाही. पायलट एक तरुण मुलगी, तिने मागे वळून सगळ्यांना नमस्कार करून पट्टे बांधायला सांगितले आणि निघालो. सकाळचंच विमान घ्या असं सगळे सांगतात त्याला कारण आहे, नैरोबी आधीच समुद्रसपाटीपासून साधारण १७०० मीटरवर, हवा विरळ, त्यात दुपारी तापली की अजून विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते, आणि जमिनीवरून गरम हवेचे झोत वर यायला लागले की छोटं विमान चांगलंच हलतं. सकाळी मात्र शांत असतं सगळं. बाबांचं वय बघता मला थोडी काळजी होती पण ते माझ्यापेक्षा निवांत बसले होते.

उडाल्यावर न्गोंगच्या टेकड्या आल्या आणि त्यांच्या पलीकडे जमीन एकदम खालीच गेली. रिफ्ट व्हॅली. पुस्तकात कितीही वाचलं तरी एवढी मोठी जमीन खचलेली डोळ्यांनी दिसते तेव्हा काही बोलावंसं वाटत नाही. पुढे सुस्वा नावाचा ज्वालामुखी, वरून त्याचं एका वर्तुळात दुसरं वर्तुळ स्पष्ट दिसतं, रस्त्याने गेलो असतो तर तो नुसता एक डोंगर वाटला असता.

आणि इथे कुठेतरी बाबांनी माझा हात धरला आणि इंजिनच्या आवाजावर ओरडून विचारलं, "मुगुगा कुठल्या बाजूला गं?"

मला आधी कळेचना. मग मॅप काढून बघितलं, नैरोबीच्या वायव्येला, आमच्या उजव्या हाताला मागे राहिलं होतं. दिसण्यासारखं काही नव्हतंच. पण बाबा मान वळवून बराच वेळ तिकडे बघत राहिले.

बाबा जनावरांचे डॉक्टर, सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांत, त्यातली बरीच वर्षं जत आणि आटपाडीकडे. खिलार बैलांचा आणि मेंढरांचा मुलुख. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका वस्तीवर बुळकांडी बघितली होती, म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, रक्ताची हगवण आणि आठवड्याभरात गोठाच्या गोठा रिकामा. त्यानंतर थर्मासमध्ये बर्फ, बर्फात लसीच्या कुप्या, मोटारसायकलवरून वाडीवाडीला जायचं आणि दुपारच्या आत टोचून संपवायचं कारण पातळ केलेली लस उन्हात टिकत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पण ती लस मुळात कुठली हे मी कधी विचारलंच नव्हतं. ती इथली. वॉल्टर प्लोराइट या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर या मुगुगाच्या प्रयोगशाळेत तयार केली, विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून इतका सौम्य केला की जनावर आजारी पडत नाही आणि जन्मभर सुरक्षित राहतं. १९९९ मध्ये त्यांना त्यासाठी वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. भारतात बुळकांडीची शेवटची साथ १९९५ ला, आणि २०११ मध्ये जगातूनच हा रोग गेला असं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पूर्ण संपवलेला हा दुसरा रोग, आणि त्यात आपल्या बाबांचा हात लागलेला आहे. हे मी चाळिशी उलटल्यावर, जमिनीपासून दोनतीन हजार मीटर वर बसून समजून घेतलं.

नारोकच्या आसपास खाली गव्हाची शेतं लागली, चौकोनी, नांगरलेली. मग पत्र्याची घरं, गुरांवर जगणाऱ्या मासाई लोकांच्या गोल वस्त्या, मधोमध रात्री गुरं कोंडायची जागा. आणि कुंपणं. हे मला अपेक्षित नव्हतं. सरळ रेघा, एकाला लागून दुसरी, जमिनीचे तुकडे पाडत गेलेल्या. पूर्वी ही जमीन सगळ्या समाजाची मिळून होती, मग ती वाटून माणसांच्या नावावर झाली, आणि नावावर झाल्यावर तार आलीच. शेतकऱ्याला कोण काय म्हणणार, त्याला त्याचं गवत राखायचंय. पण लोइटा पठारावरचे विल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखी दिसणारी मोठी हरणं, वर्षातला काही काळ माराला यायचे नि परत जायचे, त्यांचा तो कळप गेल्या काही दशकांत खूपच आटलाय, आणि वरून बघितल्यावर का ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. जीपमधून कुंपण म्हणजे रस्त्याकडेची एक तार, ती मागे पडते, विसरतो आपण.

मग तार संपली आणि गवत सुरू झालं.

आता कसं लिहू. सोनेरी गवत, त्यात नदीच्या कडेने गडद झाडी, आणि गवतावर काळे ठिपके, मग ठिपक्यांच्या रांगा, मग रांगांच्या रांगा. टांझानियातल्या सेरेंगेटीमधून दरवर्षी साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये विल्डबीस्ट इकडे येतात, बरोबर झेब्रे. सेरेंगेटी आणि मारा मिळून विल्डबीस्ट तेरा लाखांच्या आसपास धरतात, त्यातले बरेच इकडे येतात. सेरेंगेटी नॅशनल पार्क १४,७६३ चौरस किलोमीटर, मारा रिझर्व्ह त्याच्या मानाने छोटं, १५१० च्या आसपास, आणि मध्ये टांझानिया-केनियाची सरहद्द. वरून सरहद्द कुठे दिसली नाही. त्यांच्या चालण्याने पडलेल्या वाटा मात्र दिसल्या, एकात एक गुंतलेल्या, सगळ्या नदीकडे जाणाऱ्या.

बाबा म्हणाले, हे सगळे त्या लसीचे. मला वाटलं भारावून बोलतायत. पण नाही, रात्री जेवताना त्यांनी नीट सांगितलं. बुळकांडी आफ्रिकेत आली १८८० च्या दशकाच्या शेवटी, इटालियन लोकांनी एरिट्रियात आणलेल्या गुरांबरोबर, आणि ती गुरं आपल्याकडची होती असं सांगतात. दहा वर्षांत रोग दक्षिण टोकापर्यंत पोचला, पूर्व आफ्रिकेतली बहुतेक गुरं गेली, गुरांवर जगणारे मासाई उपाशी मेले, रानातले विल्डबीस्ट आणि रानरेडेही मेले. पुढे कितीतरी दशकं रानातली पिल्लं वर्ष दोन वर्षांची झाली की मरायची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सेरेंगेटीत विल्डबीस्ट होते अडीच लाखांच्या आसपास. मग आजूबाजूच्या गुरांना लस टोचत गेले आणि रानातून रोग आपोआप गेला, म्हणजे एकाही विल्डबीस्टला कुणी सुई लावली नाही, रोग जगत होता तो गुरांवर. १९७७ पर्यंत ते तेरा लाखांच्या वर गेले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्लं, उन्हाळ्यात वणव्याला जळायला गवतच उरलं नाही, वणवे कमी झाले तशी झाडं वाढली. म्हणजे गोठ्यातल्या गाईला टोचलेली सुई आणि इथली झाडं यांचा संबंध आहे! हे सांगताना बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी बघितलेलं नाही. रिटायर झाल्यापासून ते आपल्या कामाबद्दल फारसं बोलतच नव्हते.

आणि ही मोजणी झाली कशी, तर अशाच छोट्या विमानांतून. बर्नहार्ड झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल, हे जर्मनीचे, दोघं विमान चालवायला शिकले, झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेलं विमान घेऊन सेरेंगेटीत आले आणि वरून जनावरं मोजायला लागले, कारण पार्कची हद्द बदलायचं ठरत होतं आणि कळप नक्की कुठून कुठे जातात हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना दिसलं की कळप नकाशावरच्या हद्दीच्या बाहेर जातात. जानेवारी १९५९ मध्ये त्या विमानाला गिधाड धडकलं आणि मिखाएल गेला, चोवीस वर्षांचा. सेरेंगेटीशेजारच्या न्गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर त्याला पुरलं, १९८७ मध्ये वडील वारल्यावर त्यांनाही तिथेच, मुलाशेजारी. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या ताटात अजून एक चपाती वाढली.

उतरायचं राहिलंच. हे विमान एसटीसारखं थांबत थांबत जातं, पाच मिनिटांवर एक धावपट्टी, दोन उतरले, एक चढला, पुन्हा उडालं. धावपट्टी म्हणजे मुरमाचा पट्टा, कडेला वारा दाखवणारं कापडी नळकांडं, एक गवती छप्पर आणि उभ्या दोन जीप. आमच्या पट्टीवर झेब्रे उभे होते. पायलटने विमान खाली आणून त्यांच्यावरून नेलं, पुन्हा वर घेतलं, मोठा फेरा मारला, तोवर खालच्या जीपने त्यांना हळूच बाजूला हाकलं, आणि मग टेकवलं. उतरल्यावर मी तिला म्हटलं, छान उतरवलंत, तर ती म्हणाली पावसाळ्यात या, तेव्हा चिखल पण असतो. किती सहज म्हणाली. रोज असे कितीतरी वेळा उतरत असेल ही मुलगी, आणि दर वेळी आधी खाली बघत असेल की कुणी उभं तर नाही ना.

पैशाचं पण लिहिते कारण घरी सगळे विचारणारच. रस्त्याने नारोकवरून पाचसहा तास लागतात आणि बरंच स्वस्त पडतं. ज्यांना परवडत नाही त्यांनी रस्त्यानेच यावं, मारा तेवढाच मारा आहे. पण ज्यांना जमेल त्यांनी निदान एका बाजूने तरी विमान घ्यावं असं मला मनापासून वाटतं, वेळ वाचतो म्हणून नव्हे, जीपमधून आपण एकेक जनावर बघतो आणि ते जनावर कशावर जगतंय ते बघायला उंचीच लागते.

दुपारी गाईड दादांबरोबर जीपमधून फिरलो. सिंहीण दिसली, पाणघोडे दिसले, फोटो आहेत, त्याबद्दल नंतर लिहीन. बाबांना मात्र वेगळंच पडलं होतं. गाईड दादा मासाई, घरी गुरं आहेत हे कळल्यावर दोघांचं जे सुरू झालं ते कॅम्प येईपर्यंत. विल्डबीस्ट विण्याच्या वेळी मासाई आपली गुरं तिथून लांब नेतात कारण विल्डबीस्टच्या वासरांकडून गुरांना एक जीवघेणा ताप लागतो, त्याचा विषाणूसुद्धा त्या मुगुगाच्या प्लोराइटनीच १९६० मध्ये वेगळा काढला होता. बाबांनी ते वाचलं होतं, गाईड दादांना ते आजोबांपासून माहीत होतं. मग गोचिडं, मग लाळ्या-खुरकूत, मग कोणती गाय दूध जास्त देते. शेवटी मी कुंपणांचं विचारलं. दादा म्हणाले त्यांच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी आपापली जमीन मिळून कॉन्झर्व्हन्सीला, म्हणजे रानातल्या जनावरांसाठी जमीन राखणाऱ्या संस्थेला, भाड्याने दिलीय, दर महिन्याला पैसे येतात, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी गुरंही चरतात, आणि तार घालायची नाही हे करारातच आहे. त्यांच्या भावाला मात्र ते पटत नाही, त्याने पलीकडची स्वतःची जमीन तारेने बंद केलीय. भांडण नाही, पण पटत नाही. बाबा म्हणाले आटपाडीकडच्या मेंढपाळांचं पण हेच झालंय, जिथून कळप जायचे तिथे आता तारा आहेत, फक्त तिथे तार न घालण्याचे पैसे कुणी देत नाही.

परतीच्या विमानात मी पुन्हा उजव्याच बाजूची सीट मागणार आहे, येताना उजवीकडची शेतं बघितली, डावीकडचं राहिलं, ते जाताना उजवीकडे येईल. आणि बाबांनी दादांच्या गोठ्यावर यायचं कबूल करून टाकलंय, उद्या पहाटेच्या सफारीऐवजी. एका कालवडीला पायाला काहीतरी झालंय म्हणे. मीही तिकडेच जाणार.