रोटिफर मोजताना आधी अंडी बघा

ब्रॅकिओनस हा माशांच्या पिल्लांना खाऊ घालायला टाकीत वाढवतात तो रोटिफर, म्हणजे पाण्यातला सूक्ष्म जीव. त्याचं कल्चर (टाकीतली वाढ) एका रात्रीत बसतं, म्हणजे कोसळतं, असं सर्रास ऐकू येतं. पण त्याची चिन्हं आधीच दिसू लागलेली असतात. मिलिलिटरमागे 200 रोटिफर आहेत म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि त्यातल्या निम्म्याअधिक म्हाताऱ्या माद्या असतात. 25 अंशांना मोठ्या मादीचं आयुष्य जेमतेम चार दिवसांचं. नवी पिल्लं आली नाहीत, की टाकी रिकामी.

म्हणून अंडी मोजायची. मादी ती कवचाच्या मागच्या टोकाला चिकटवून फिरते, त्यामुळे 40 पट भिंगाखालीही स्वच्छ दिसतात. पाणी ढवळून 1 मिली नमुना घ्या, लुगॉलचे (आयोडीनच्या द्रावणाचे) एक-दोन थेंब टाका. हालचाल थांबली की माद्या आणि अंडी वेगवेगळी मोजा. शंभर माद्यांमागे तीसेक अंडी असली तर ठीक. पंधराच्या खाली गेली तर त्या दिवशी काढणी (टाकीतून रोटिफर काढणं) बंद.

अंडी घटण्याची कारणं दोन-तीनच. एक तर उपासमार, नाहीतर जास्तीचं खाणं, आणि हे दुसरं जास्त वेळा. बेकरीचं यीस्ट दहा लाख रोटिफरांना दिवसाला 1 ग्रॅम पुरतं, तेही चार-पाच वेळा विभागून. न खाल्लेलं यीस्ट तळाशी सडतं, अमोनिया वाढतो, मागोमाग सिलिएट (केसाळ एकपेशीय जीव) येतात. पीएच 8 च्या वर असेल तर तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. शिवाय नुसत्या यीस्टवर वाढलेल्या रोटिफरांत डीएचए (एक ओमेगा-3 मेदाम्ल) नसल्यासारखंच. समुद्री माशांच्या पिल्लांना ते देण्याआधी काही तास रोटिफरांना डीएचएयुक्त खाद्य द्यावंच लागतं.

नमुन्यात आतडंच नसलेले, भुर्रकन पळणारे चिमुकले जीव दिसले तर ते नर. त्यांच्यापाठोपाठ गडद, जाड कवचाची सुप्त अंडी येतात. ती लगेच फुटत नाहीत, त्यामुळे संख्यावाढीच्या हिशोबात धरू नका.

काढणीला 60 मायक्रॉनची जाळी घ्या. बरेचसे सिलिएट तिच्यातून निघून जातात. जाळी मात्र पाण्यात बुडालेलीच हवी; कोरडी पडली की रोटिफर एकमेकांवर दाबून मरतात. रोज पाव टाकी काढून तेवढंच, त्याच क्षारतेचं आणि तापमानाचं पाणी भरा. ब्रॅकिओनसच्या प्लिकॅटिलिस या जातीला 20 ते 25 पीपीटी (हजार भागांत इतके भाग मीठ) क्षारता मानवते. माशांच्या पिल्लांचं तोंड फारच बारीक असेल तर रोटुंडिफॉर्मिस ही दुसरी जात वापरा. ती लहान, पण तिला पाणी 28 अंशांच्या वर लागतं.