54 इंची इको-सॉल्व्हंट: शाई कमी केली, रंग उठला

माझ्या 54 इंची इको-सॉल्व्हंट प्रिंटरवर (सौम्य सॉल्व्हंटच्या शाईने बॅनर-स्टिकर छापणारं मशीन) यावेळी सांगण्यासारखी प्रगती एकच. रंग उठायला लागलेत, आणि तेही शाई कमी केल्यावर. आमच्या सांगलीत फ्लेक्सवाल्यांचा ठरलेला तोडगा असतो: 'रंग फिका? सॅच्युरेशन ओढ, पास वाढव', म्हणजे रंग आणखी भडक कर आणि हेड त्याच जागेवरून जास्त वेळा फिरव. गणपतीच्या आठवड्यात दारात मंडळांची रांग असताना दुसरं कोण काय करणार म्हणा. हौशी माणसाला तेवढी घाई नसते.

मशीन तेच, सायन, मजेंटा, यलो, ब्लॅक अशा चारच रंगांचं. पावसाळा सरला, त्यामुळे प्रिंट लवकर वाळते. हीटर 40 अंशांच्या आसपास पुरतो. नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालतात का ही चाचणी) स्वच्छ, हेडच्या जाण्या-येण्याच्या दोन्ही दिशांचं अलाइनमेंट जुळलेलं. हे आधी बघायचंच, नाहीतर पुढचं मोजमाप वाया.

मग प्रत्येक रंगाची शाई-मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त किती टक्के शाई सोडायची ते. रिपमधून (फाइलचे शाईचे थेंब ठरवणारं सॉफ्टवेअर) 0 ते 100 टक्क्यांच्या पट्ट्या छापल्या आणि उन्हात धरून बघत बसलो. माझ्या ग्लॉसी व्हिनाइलवर (चकचकीत प्लास्टिकचा पडदा) मजेंटा साधारण 75 च्या पुढे गडद व्हायचा थांबतो आणि लालसर व्हायला लागतो. सायन तसाच जांभळ्याकडे झुकतो. म्हणजे त्यापुढची शाई रंग वाढवत नाही, बदलते, आणि वर पैसेही खाते. यलोला एवढं घाबरायचं कारण नाही. छटा जिथे वळते तिच्या जरा अलीकडे मर्यादा बांधली, मग लिनियरायझेशन केलं. आता फिकटापासून गडदापर्यंतच्या पायऱ्या सारख्या अंतराने चढतात. आधी शेवटच्या चार पट्ट्या एकसारख्याच दिसायच्या.

चार रंगांची बेरीज हिशोबाने 400 टक्के होते. या व्हिनाइलला 260 च्या वर दिलं की गडद चौकोनांत शाई साचते आणि कडा पसरतात, तेव्हा तिथेच थांबवलं. कुठल्या शाया किती मिसळल्या की कुठला रंग निघतो, याची नोंद म्हणजे प्रोफाइल. तिचा चार्ट मात्र छापल्या-छापल्या मोजू नका. सॉल्व्हंट उडेपर्यंत रंग सरकत राहतो. मी रात्रभर टांगून सकाळी स्पेक्ट्रोने (रंग मोजायचं यंत्र) वाचला. लॅमिनेशन करायचं असेल तरी किमान 24 तास थांबा.

आता फाइल. डिझाइन करणारी मंडळी कोरल या सॉफ्टवेअरमध्ये सगळं आधीच ऑफसेट छपाईच्या हिशोबाने सीएमवायके, म्हणजे चार शायांच्या टक्क्यांत, करून पाठवतात. ग्लॉसी व्हिनाइलवर आपली शाई काही छटांत त्याहून पुढे जाऊ शकते, पण एकदा कापलेला रंग परत येत नाही. म्हणून मी आरजीबीच, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यातली फाइल, मागतो. व्हॉट्सॲपवरच्या फोटोला प्रोफाइल नसेल तर एसआरजीबी (आरजीबीचा नेहमीचा प्रकार) धरा. तिथे जास्त रंग सामावणारं ॲडोबी आरजीबी लावलंत तर लग्नाच्या वऱ्हाडातले सगळे चेहरे उन्हाने भाजल्यासारखे निघतील.

हळदीचा पिवळा जमला. (बाजारपेठच हळदीची, इथे त्या रंगात चूक खपत नाही.) अडतो तो भगवा. स्क्रीनवरचा झगझगीत भगवा चार शायांच्या आवाक्यातच नाही. त्यासाठी ऑरेंज शाईचं मशीन लागतं. शिवाय प्रोफाइल जवळचा रंग शोधताना चिमूटभर सायन घालतो आणि भगवा मळतो. त्यावर उपाय सापडला: रिपच्या स्पॉट रंगांच्या तक्त्यात (ठराविक रंगाला प्रोफाइल टाळून ठराविक शाई नेमून देणारा) सायन 0, ब्लॅक 0, यलो 100 असं थेट लिहिलं, आणि मजेंटा 45 ते 65 पाच-पाचने चढवत तुकडे छापले. सावलीतल्या दिवसाच्या उजेडात 55 सगळ्यांत बरा वाटला. अक्षरांपुरता हा तक्ता, फोटोला प्रोफाइलच.

हाच भगवा आता एका हौशी नाट्यसंस्थेच्या, 5 नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या बॅनरवर जाणार आहे. घरातल्या पिवळ्या बल्बखाली मात्र 55 चा तुकडा तांबूस दिसतो, आणि 50 चा बरोबर वाटतो. बॅनर दारावर लागणार की आत दिव्यांखाली, हे संस्थेने अजून कळवलेलं नाही. आत असेल तर 50 छापेन.